रिकाम्या टँकरची पाटी

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" म्हणते आणि विषय तिथेच थांबवते. भाईंदरला इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पुष्कळांना वाटायचं, मी बसची तिकिटं काढून देते. मग आईने एकदा जिन्यात कुणाला तरी खरं सांगून टाकलं, "ती पेट घेणाऱ्या मालाच्या गाड्या बघते." तेव्हापासून दर गणपतीच्या आधी आमची बेल वाजते. गावी न्यायला छोटा सिलेंडर ट्रेनमध्ये चालेल का, हे विचारायला कुणीतरी दारात उभं असतं.

"नाही चालणार, काकू."

"अगं, छोटासाच आहे. पाच किलोवाला."

"भरलेला चालतच नाही. डब्यात इतकी माणसं असतात."

"चादरीत गुंडाळून नेला तर? कोण बघतंय?"

कुणी बघत नसतं तेव्हासाठीच नियम असतात, हे दारात उभं राहून सांगण्याइतका आवाज माझ्यात नाही.

कामाच्या आठवणी खरं तर निवृत्त झाल्यावर लिहायच्या. मी अजून नोकरीत आहे. शाळाही इंग्लिश मीडियमची. मराठी लिहायची सवय मला या कामानेच लावली. तरी या अंकासाठी हो म्हटलं, कारण काशीमीऱ्याच्या एका वेल्डरबद्दल, इनासबद्दल, गॅरेजांच्या रांगेत अजून एक गोष्ट सांगितली जाते. टँकरवर आगीचं चित्र समोर दिसत असूनही त्याने वेल्डिंग पेटवलं, अशी. तसं झालेलं नाही. जसं झालं तसं लिहिते.

आमची कंपनी काशीमीऱ्यालाच, हायवेलगत आहे. पुढे पत्र्याचं ऑफिस, मागे यार्ड. रंग, गोंद, थिनर, औषधं बनवणाऱ्या कारखान्यांना लागणारी द्रव रसायनं आम्ही टँकरने पोचवतो आणि रिकामा टँकर परत आणतो. मी सेफ्टीला आहे. गाडी सुटण्याआधी झडपा, झाकणं, आग विझवण्याचं नळकांडं, ड्रायव्हरचा परवाना बघायचा आणि पाट्या बघायच्या.

पाटी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. अशा प्रत्येक टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एकेक पाटी असते. तिच्यावर पतंगासारखा कोनावर उभा राहिलेला एक चौकोन असतो. पेटणाऱ्या द्रवासाठी तो लाल रंगाचा आणि आत ज्वाळेचं चित्र. शेजारी मालाचं नाव, चार आकडी नंबर, आग लागली तर पाणी मारायचं की फोम याची खूण, आणि फोन नंबर. गाडी उलटली आणि ड्रायव्हर शुद्धीवर नसला, तर त्याच्या जागी पाटी बोलते. बंबवाले लांबून ती वाचतात आणि मग ठरवतात, किती जवळ जायचं.

याशिवाय केबिनमध्ये एक कार्ड ठेवावं लागतं. माल सांडला, पेटला, अंगावर उडाला तर काय करायचं ते त्यावर, ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत. मी नोकरीला लागले तेव्हा सगळी कार्डं इंग्रजीत होती. ती मराठी आणि हिंदीत करणं हे माझं पहिलं काम. मी शब्दकोश उघडून बसले आणि एका ओळीत लिहिलं, 'प्रज्वलनाच्या स्रोतांपासून दूर ठेवा.' सुर्वे काकांनी ते कार्ड हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि विचारलं, "मॅडम, ह्यात विडी येते का?"

मी ती ओळ खोडून 'विडी, काडी, ठिणगी, मोबाईल' असं लिहिलं.

सुर्वे काका आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. माणगावकडचे. धोकादायक माल चालवायचा तर परवान्यावर वेगळा शेरा लागतो, आणि प्रशिक्षण घेऊन तो पुन्हा पुन्हा ताजा करून घ्यावा लागतो. काका तो शेरा नव्या ड्रायव्हरांना असा दाखवत, जसा कुणी मुलीचा पहिल्या नंबराचा निकाल दाखवतं.

प्रशिक्षणाचा एक भाग आमच्या गोडाऊनमध्ये मीच घ्यायचे. माझा आवाज बारीक. पंखा लावला की मागच्या ओळीतून ओरड यायची, "मॅडम, सुनाई नहीं देता!" मी अजून हळू बोलायला लागायचे. काका पहिल्या खुर्चीवर बसायचे. ते मान मागे वळवून माझं वाक्य मोठ्याने परत सांगायचे. "मॅडम म्हणतायत, हातमोजे रबरी पाहिजेत, सुती नाय!" पुढे पुढे सवयच पडली. मी बोलायचे, काका पोचवायचे. माझं वाक्य कधीकधी पाच शब्दांचं असायचं आणि त्यांचं पंधरा.

वर्गाबाहेरही हे चालायचं. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये नळांना, कड्यांना चकाकी आणून देतात. त्यातल्या एका मालकाला ॲसिडचे कॅन आणि सायनाइडचे डबे एकाच टेम्पोत हवे होते.

"मॅडम, दोनों सील-पैक हैं. शादी थोड़ी करा रहे हैं उनकी!"

ते दोन्ही सांडून एकत्र आले, तर निघणाऱ्या वायूत ड्रायव्हर दार उघडायच्या आत संपतो. मी फक्त "नाही" म्हटलं. मालकांनी आवाज चढवला, माझ्या वयाबद्दल काही बोलले. दारातून काका म्हणाले, "शेठ, मॅडमनी काय सांगितलं ऐकलं ना? नाय म्हणजे नाय. दोन टेम्पो लागतील. आणि दोघांचं वऱ्हाड वेगळ्या रस्त्याने."

दोन टेम्पो गेले.

पण एक गोष्ट अशी होती, जी मी सांगून आणि काकांनी ओरडून कुणी ऐकत नव्हतं. काका स्वतःही नाही.

एकच टँकर आज हा माल नेतो, उद्या दुसरा. म्हणून पाट्या कायमच्या ठोकलेल्या नसतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत वरून सरकवायच्या, बदलायच्या असतील तेव्हा ओढून काढायच्या. मागची बाजू कोरी. माल उतरवून गाडी परत निघाली, की ड्रायव्हर पाटी उपसतात आणि उलटी करून परत चौकटीत टाकतात. याला ते 'पाटी झोपवणं' म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हा शब्द गोड वाटला होता.

झोपवण्याचं कारण होतं पार्किंग. काशीमीऱ्याच्या मोठ्या हॉटेलांपुढे गाड्यांना जागा असते. ज्वाळेची पाटी दिसली की वॉचमन शिट्टी मारून हाकलतो. कोरी दिसली की तोच वॉचमन शिट्टी मारून आत घेतो. टँकरमध्ये काय होतं हे ड्रायव्हर आणि वॉचमन दोघांनाही माहीत असतं.

नियम मात्र सांगतो, की टँकर धुऊन, वाफ काढून, तपासून होईपर्यंत पाटी काढायची नाही. वर्गात मी हे समजावून सांगायचे. भरलेल्या टँकरमध्ये हवेला जागाच कमी. रिकाम्या टँकरच्या तळाशी थोडा माल राहतोच. उन्हाने त्याची वाफ होते, ती आतल्या हवेत मिसळते आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणून रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट.

"मॅडम, गाडीत काहीच नाही हो!" मागून कुणीतरी.

"माल गेलाय. वाफ आहे."

"मॅडम म्हणतायत, वाफ आहे!" काकांनी मागे वळून सांगितलं. वर्ग सुटल्यावर मात्र ते टेबलाशी थांबले. "तुमचं बरोबर आहे, मॅडम. पण वाफेला पार्किंग कोण देणार? पोटाला घालायला माणसाने गाडी कुठे लावायची?"

मी हॉटेलच्या मॅनेजरला जाऊन भेटले. एका कोपऱ्यात, किचनपासून लांब, टँकरना जागा द्याल का, असं विचारलं. "फॅमिली कस्टमर येतात, मॅडम," तो म्हणाला आणि मला लिंबू सरबत पाजलं. आमच्या शेठना म्हटलं, चौकटींना कुलूप लावू या. ते म्हणाले, "बघू." आमच्या ऑफिसात बघू म्हणजे नाही.

आता इनास.

तो उत्तनचा. आधी बोटींची लोखंडी कामं करायचा, मग काशीमीऱ्याला हॉटेलाच्या भिंतीला लागून त्याने छोटं गॅरेज टाकलं. टँकरच्या शिडीची पायरी तुटली, मडगार्डचा पत्रा सुटला, की सगळे त्याच्याकडे. मला तो "बाय" म्हणायचा. त्यांच्याकडे मुलीला तसंच म्हणतात. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण ज्वाळेचं चित्र तो ओळखायचा. त्याने त्याला नावही ठेवलं होतं, आग्या.

"आग्या हाय याच्यावर. धुवून आन, मंग बघतो," म्हणून तो गाड्या परत पाठवायचा.

ड्रायव्हर पाट्या झोपवतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने सगळ्यांशी एक बोली केली होती: हॉटेलात झोपवा, माझ्या दारात यायच्या आधी जागी करा. आणि ड्रायव्हर ती पाळायचे. माझा नियम त्यांनी मोडला, इनासचा कधी नाही. मला याचं आधी वाईट वाटायचं. नंतर वाटलं, ठीक आहे, कुणाचा तरी पाळतायत. सुर्वे काका तर त्याचे दोस्त. इनासची बायको फिलोमिना त्यांच्यासाठी सुके बोंबील पाठवायची आणि काकांच्या केबिनला त्यांचा वास असायचा. त्यावरून मी एकदा हळूच म्हटलं होतं, याची पण पाटी लावायला हवी. काकांनी ते सगळ्या यार्डाला सांगितलं.

पाऊस संपून कडक ऊन पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. काका गुजरातेत टोल्यूइन उतरवून परत आले. टोल्यूइन म्हणजे रंगाच्या डब्याला जो वास येतो, जवळपास तो माल. दुपारची वेळ. त्यांनी पाट्या झोपवल्या, गाडी हॉटेलपुढे लावली, जेवले. बाहेर आले तर मागच्या शिडीची एक पायरी लोंबत होती. इनासचं गॅरेज भिंतीपलीकडेच. त्यांनी गाडी जरा पुढे घेऊन त्याच्या दारात लावली, "पायरी टाक रे, आलोच," म्हणाले आणि रस्त्यापलीकडे चहाला गेले.

एरवी ते वेगळ्या रस्त्याने, यार्डातून गॅरेजला येत, आणि निघताना पाटी जागी करत. त्या दिवशी गाडी फक्त भिंतीच्या या बाजूची त्या बाजूला आली. गाडी हलली असं त्यांच्या मनानं धरलंच नाही.

इनास मागे गेला. त्याने पाटी पाहिली. कोरी होती. त्याने वेल्डिंगची काच तोंडावर ओढली.

ऑफिसात मला पिंप आपटल्यासारखा आवाज आला आणि खिडकी हादरली. गर्दीतून वाट काढत मी पोचले तोवर इनासला रिक्षात घालून नेलं होतं. टँकरचं वरचं झाकण उडून शेजारच्या पत्र्यावर पडलेलं. टोल्यूइन जळताना काजळी फार धरतं. टँकरचा मागचा भाग, शिडी, गॅरेजची भिंत, सगळं काळं. लोकांनी वाळू फेकून आग विझवत आणली होती आणि बंबवाले फोमची नळी धरून उभे होते. त्यांना काय मारायचं ते बरोबर कळलं होतं, कारण पाटी समोर होती. लाल चौकोन, ज्वाळा, नंबर. काका चौकटीजवळ उभे होते, तोंडाला पंचा, हात कोपरापर्यंत काळे.

मी पाटीकडे बघत राहिले. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत काशीमीऱ्यात गोष्ट पक्की झाली. आग्या समोर असून इनासने पेटवलं. "लालच में आदमी अंधा हो जाता है," पानवाला म्हणाला. एका पायरीत कसली लालच, ते त्याने सांगितलं नाही. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पाटी सिधी होती ना? फोटोत दिसतेय. मग आपला काय दोष? वेल्डरने बघायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी टँकर ओढून यार्डात आणला. मी एकटीच त्याच्यामागे गेले. चौकट काळी होती, वर-खालचा पत्रा काळा होता. आणि मधली पाटी स्वच्छ. बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. मग मी ती अर्धी वर ओढली आणि मागून पाहिली. कोरी बाजू काजळीने भरलेली होती, कडेला चौकटीच्या आतली एक पांढरी रेघ सोडून. स्फोट झाला तेव्हा बाहेर ती बाजू होती.

मी मोबाईलवर फोटो काढले. दोन्ही बाजूंचे.

त्याच दिवशी फिलोमिना ऑफिसात आली. हातात इस्पितळाची पिशवी. शेठ भेटले नाहीत, म्हणून माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"बाय, तू शिकलेली हायस. तू सांग. त्याचे कान फुटलं, हात जळलं, त्याला काय आयकू येत न्हाय. पर बोलतो तो. एकच बोलतो, पाटी कोरी व्हती. आनि ह्ये लोक बोलतात, त्यानं बघून केलं. माझा घरवाला येडा हाय काय?"

"नाही," मी म्हटलं.

"आं?"

मी मोठ्याने म्हणायचा प्रयत्न केला. "नाही. वेडा नाहीये."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि निघून गेली.

संध्याकाळी काका यार्डात दुसऱ्या गाडीचे टायर बघत होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. आवाज न करता उभं राहण्याची माझी सवय त्यांना माहीत होती. त्यांनी वळून न बघताच विचारलं, "बोला, मॅडम."

"काका, पाटीची मागची बाजू काळी आहे."

ते टायरवर हात ठेवून वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला दिसणारच होतं. बोलत नाय ना तुम्ही, त्यामुळे सगळं बघता."

"तुम्ही नंतर फिरवलीत."

"चहा टाकून धावत आलो. इनास पडलेला. लोकांनी त्याला उचललं. आतमध्ये अजून धगधगत होतं, गाडी परत उडाली असती. मला एवढंच सुचलं की बंब आला तर त्याला कळायला पाहिजे, आत काय आहे. तिन्ही पाट्या फिरवल्या. तुम्हीच शिकवलंय ना, ड्रायव्हर नसला तर पाटी बोलते."

हे खरं होतं. पुन्हा स्फोट होऊ शकला असता अशा टँकरला हात लावून त्यांनी पाट्या जाग्या केल्या होत्या. त्या नसत्या तर बंबवाल्यांनी कदाचित पाणी मारलं असतं आणि जळता माल पाण्यावर तरंगत गटारातून हॉटेलापर्यंत गेला असता. मी वर्गात हेच उदाहरण द्यायचे.

"मग तेव्हाच सांगितलं का नाही, की आधी उलटी होती?"

"कुणी विचारलंच नाय. सगळे म्हणायला लागले, पाटी सिधी होती, पाटी सिधी होती. मी गप्प राहिलो. एकदा गप्प राहिलं की मग बोलायला जागाच राहत नाय, मॅडम." ते सरळ उभे राहिले. "परवान्यावरचा शेरा जाईल. मग मी काय चालवू, भाजीचा टेम्पो?"

शिकवायला येत होतं मला, समजूत घालायला नाही.

"उद्या चौकशीचे साहेब येतायत," ते म्हणाले. "तुम्ही सांगणार?"

"हो."

"हं." त्यांनी पंचाने हात पुसले. "जरा मोठ्याने सांगा. नायतर परत विचारतील."

चौकशी ऑफिसातच झाली. सरकारी साहेब, शेठ, कंपनीचे वकील, काका आणि मी. फाइलमध्ये टँकरचे फोटो होते. शेठनी सांगितलं, आमच्याकडून सगळे नियम पाळले गेले. पाटी जागेवर होती. वेल्डरने धोक्याची खूण दिसत असताना काम केलं. साहेबांनी मान डोलावली आणि सेफ्टी ऑफिसरला काही सांगायचंय का, असं विचारलं. ते माझ्याकडे न बघता लिहीत होते.

मी बोलले. मला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही.

"काय?" साहेबांनी वर पाहिलं. "मोठ्याने बोला, मॅडम."

वर पंखा फिरत होता. शेठ माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ही गप्पच राहणार, अशी खात्री होती. मी पुन्हा तेवढ्याच आवाजात तेच म्हटलं.

तेवढ्यात काका खुर्चीतून उठले. वर्गात उठायचे तसेच, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून.

"साहेब, मॅडम म्हणतायत, पाटी उलटी होती," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, शेवटच्या ओळीपर्यंत पोचणारा. "खरं आहे ते. मी उलटी केली होती. इनासने बघितली तेव्हा ती कोरी होती. त्याची काही चूक नाय."

मग ते बसले. मी मोबाईल टेबलावर ठेवला, फोटो उघडून. साहेबांनी पानावर लिहिलेलं खोडलं. वकील शेठच्या कानाशी लागले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे बघू शकले नाही.

पुढचं थोडक्यात. काकांचा शेरा गेला आणि नोकरीही. आधी ऐकलं की ते गावी गेले, मग कळलं की भाजीचा टेम्पो चालवतात. त्यांनीच तसं म्हटलं होतं, त्यामुळे हे खरं आहे की कुणी गंमत केली, कुणास ठाऊक. मी फोन केला होता, त्यांनी उचलला नाही. माझी नोकरी राहिली. शेठ माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि मी आधीही कामापुरतंच बोलत असल्यामुळे ऑफिसात कुणाला फारसा फरक जाणवला नसेल. मला जाणवतो. प्रशिक्षण अजून मीच घेते. कंपनीने मला छोटा माइक आणून दिलाय. पहिल्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

आमच्या टँकरच्या चौकटींना आता कुलूप आहे. पाटी झोपत नाही. त्यामुळे हॉटेलपुढे येताना ड्रायव्हर तिच्यावर गोणपाट टाकतात. एकदा मी रिक्षातून उतरून ते ओढून काढलं, तर लांबून वॉचमन ओरडला, "मॅडम, रहने दो, गाड़ी ख़ाली है!"

चौकशीत जे निघालं ते फाइलमध्ये गेलं. फाइल कुणी काशीमीऱ्याच्या रस्त्यावर मोठ्याने वाचत नाही. गॅरेजांच्या रांगेत इनास अजूनही तोच, डोळ्यांसमोर आग्या असून पेटवणारा. त्याच्या जागी आता दुसरा वेल्डर आहे, आणि ही गोष्ट मला त्यानेही सांगितली.

चौकशीचा निकाल लागल्यावर मी उत्तनला गेले. भाईंदर पश्चिमेहून बसने. इनासचं घर किनाऱ्याजवळ, समोर वाळूत बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. तो सावलीत स्टुलावर बसला होता. एका हाताची बोटं आखडलेली, चेहऱ्याची एक बाजू गुळगुळीत, नवीन कातडीची. फिलोमिना मासे उलटे करत होती.

"ये बाय, बस," ती म्हणाली. "वरडून बोल हां. तरी आयकू येनार न्हाय."

माझा आवाज, आणि त्याचे कान. मी तिलाच सांगितलं. लिहून आलंय, पाटी उलटी होती, इनासची चूक नव्हती. तिने ते ऐकलं, हात पदराला पुसले आणि त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "चूक न्हाय! तुजी चूक न्हाय!" तो कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं, ती मासळीबद्दल काही विचारतेय. त्याने बांबूंकडे हात केला.

मी एक काटकी उचलली आणि त्याच्या पायाशी वाळूत तो चौकोन काढला, पतंगासारखा. आत ज्वाळा काढली. मला चित्र नीट येत नाही, पण त्याने लगेच ओळखलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"ह्यो नव्हता!" तो जोरात म्हणाला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तितक्या जोरात. "कितीदा सांगू? आग्या नव्हता! तू पन तेच बोलाया आलीस काय?"

मी मान हलवली. नाही, नाही. वाकून, तळहाताने ज्वाळा पुसून टाकली. चौकोन राहिला, आत नुसती वाळू.

इनास खाली बघत राहिला. फिलोमिनाही हातातले बोंबील तसेच धरून येऊन उभी राहिली. मग त्याने आखडलेल्या हाताने त्या रिकाम्या चौकोनाकडे बोट केलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हां बाय," तो म्हणाला. या वेळी हळू, जवळजवळ माझ्याइतकं. "असंच व्हतं."